पाहुणे, भाडेकरू आणि पनवेलचा पालक

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" हे आपण सगळ्यांनीच कधीतरी ऐकलेलं. खरं तर ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतंच! स्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असतं, म्हणून आतलं सगळं तरंगतं. गरम पाणी वर चढत नाही, गाळ तळाशी बसत नाही. पेशी, स्फटिक, मिश्रधातू अशा वेळी कसे वागतात हे दिवसच्या दिवस बघायचं तर वरतीच जागा मिळवावी लागते. ती आपण कशी मिळवली, त्याची ही गोष्ट.

आधी पाहुणे म्हणून. एप्रिल १९८५ मध्ये चॅलेंजरमधल्या स्पेसलॅब-३ मोहिमेत मुंबईच्या टीआयएफआरचा 'अनुराधा' प्रयोग गेला. वैश्विक किरणांच्या खुणा टिपणारं प्लास्टिक, एवढंच. सूक्ष्मगुरुत्वाशी त्याचा संबंध नव्हता, पण आठवड्याभरात ते परत आलं आणि प्रयोगशाळेत तपासता आलं. हे 'परत आलं' लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात दुसऱ्या शटलमधून मॅकडोनेल डग्लस कंपनीचा इंजिनिअर चार्ल्स वॉकर औषध शुद्ध करायचं मशीन घेऊन गेला होता. म्हणजे चक्क धंदा! पण जे हार्मोन वर शुद्ध करायचं, तेच जनुकतंत्राने खाली बनायला लागलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

मग आपण भाडेकरू झालो. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम या खाजगी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. खर्च सुमारे ५५० कोटी रुपये, भारतीय प्रयोग सात. मूग-मेथीला मोड आणण्यापासून स्नायूपेशींपर्यंत. १५ जुलैला नमुने घेऊन परत.

मधल्या काळात स्वतःची खटपटही चालू होतीच. जानेवारी २००७ मध्ये इस्रोची एसआरई-१ कुपी दोन प्रयोग घेऊन १२ दिवस फिरली आणि बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. ३० डिसेंबर २०२४ ला तर पीएसएलव्हीच्या वापरून झालेल्या चौथ्या टप्प्यावरच २४ उपकरणं बसवली. हीच पोएम-४. त्यात इस्रोच्या चवळीला चार दिवसांत मोड आले. पनवेलच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या, पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचंही उपकरण होतं. भंगाराची प्रयोगशाळा! आपल्याकडचा जुगाड म्हणतात तो हाच :)

पण एक अडचण. पोएम परत येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ती वातावरणात शिरून संपली. कॅमेऱ्यातून दिसेल तेवढंच हाती. पेशीच्या आत काय बदललं हे बघायला पेशी हातात यावी लागते, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आमच्या बेसात फ्लॅट बघणारा प्रत्येक जण भाडं बरं की हप्ता बरा याचा हिशोब करतो. इथेही तोच आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर निवृत्त होणार. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये न्यायचं इस्रोचं नियोजन आहे. तेव्हा आपण घरमालक होऊ. मला वाटतं, घर किती मोठं यापेक्षा पनवेल किंवा नागपूरच्या कॉलेजला त्यात एक कप्पा मिळेल का, किती दरात, आणि त्यांची डबी परत येईल का, हे आत्ताच ठरायला हवं.