साथीचा जाहीरनामा, इस्पितळ आणि लोकविश्वास

इ. स. १८९६ (शके १८१८) सालीं मुंबईंत उद्भवलेल्या ग्रंथिक सन्निपाताच्या इतिहासाचीं उपलब्ध साधनें बहुतांशीं सरकारी आहेत. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा वृत्तान्त, जनरल गेटेकर यांच्या कमिटीचा अहवाल आणि कॅप्टन काँडन यांनीं संकलित केलेला ग्रंथ हीं त्यांतील मुख्य होत. त्यांत बंदोबस्ताचे तपशील विपुल आहेत. परंतु सरकारी जाहीरनाम्यावर लोकांनीं विश्वास कां ठेविला नाहीं, याचा उलगडा तारखांची संगति लावूनच करावा लागतो. ती संगति लावण्याचा अल्प प्रयत्न प्रस्तुत लेखांत आम्हीं केला आहे.

विषय मुंबईचा असला तरी तो विरारच्या पूर्वेकडील चंदनसारसारख्या गांवासही परका नाहीं. ता. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरार ते बॅकबे अशी आगगाडी सुरू झाली. तेव्हांपासून मुंबईचें सुखदुःख या प्रांताच्या दाराशीं येऊन उभें राहूं लागलें.

प्रथम तारखा पाहूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं रोग ओळखिला. ता. ६ आक्टोबर रोजीं कमिशनरांचा हुकूम निघाला, कीं रोगी आढळल्यास त्यास, जरूर तर सक्तीनें, इस्पितळांत न्यावें. ता. २९ आक्टोबर रोजीं गिरणी-कामगारांच्या सुमारें हजारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ता. ३० आक्टोबर रोजीं हुकूम सौम्य करण्यांत आला. ज्याची घरींच निराळी व्यवस्था होऊं शकेल त्यास हलवूं नये, असें ठरलें. हुकूम, क्षोभ आणि माघार हें सर्व पंचवीस दिवसांत घडलें.

या क्षोभास केवळ अज्ञान म्हणणें आम्हांस युक्त वाटत नाहीं. सक्तीच्या भयानें लोक रोगी लपवीत. लपविलेला रोगी अखेरच्या अवस्थेंत इस्पितळीं पोहोंचे. तेथें तो दगावे. आणि जो गेला तो परत आला नाहीं, हा अनुभव शेजारच्या दहा घरांस रोगी लपविण्यास शिकवी. इस्पितळांत काळिजें काढून राणीकडे पाठवितात, ही कंडी याच चक्रांतून उठली. अफवा खोटी होती. तिच्या मुळाशीं असलेला अनुभव मात्र खरा होता.

माघारीचें दुसरें कारण मनुष्यबळाचें होतें. शहराची झाडलोट करणारे हलालखोर घाबरून निघून गेले तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाहीं, ही धास्ती स्नो यांनीं स्वतः नमूद केली आहे. ज्यांच्या हातांवर सर्व आरोग्यव्यवस्था उभी, त्यांचेंच मन सरकारास ठाऊक नव्हतें. शहर रिकामें व्हावयास लागलेंच होतें. १८९१ च्या खानेसुमारींतील ८,२१,७६४ हा मुंबईचा आंकडा १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आला, तो मृत्यु आणि स्थलांतर या दोहोंचा परिणाम होय.

ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. हा कायदा अत्यंत आंखूड आहे. त्यांत सरकारास अधिकार आहेत, हुकूम मोडणारास शिक्षा आहे आणि अधिकाऱ्यांस दाव्यांपासून संरक्षण आहे. किती लोकांमागें किती खाटा व किती परिचारक असावेत, याविषयीं मात्र अवाक्षर नाहीं. पुण्यास ही उणीव गोऱ्या शिपायांनीं भरून काढण्याचें ठरलें. घरझडतीच्या कामांत परिचारकाच्या जागीं शिपाई आला, तेव्हां उपचाराचें रूप स्वारीचें झालें. ता. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हें वाचकांस विदितच आहे.

याच काळीं दुसराही एक क्रम चालू होता. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांत हिंदु प्लेग इस्पितळ निघालें. मुंबईंत निरनिराळ्या जातींनीं व धर्मसमाजांनीं आपआपलीं इस्पितळें उघडलीं. पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यांत रोगी पोहोंचवितां पोहोंचवितां सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला व ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. या ठिकाणीं औषध अधिक गुणकारी होतें असें नव्हे. शुश्रूषा करणारा मनुष्य ओळखीचा होता. रोगी आपण होऊन येण्यास तेवढें पुष्कळ होतें.

वैद्यकशास्त्राचा निर्णयही पुढें सक्तीच्या विरुद्ध गेला. उंदरांवरील पिसवांच्या द्वारें हा रोग पसरतो, हें मत पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ मध्यें मांडलें व पुढील संशोधनानें तें स्थिर झालें. म्हणजे माणसें ओढून नेण्यांत जी शक्ति वेंचली, ती बव्हंशीं अस्थानीं होती. याउलट हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि मगच ती इतरांस दिली.

हा इतिहास जुना झाला असें म्हणवत नाहीं. ता. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांत कोविडसाठीं १८९७ चाच कायदा लागू करण्यांत आला. मुंबईंतील आरंभीचे रोगी ज्या कस्तुरबा रुग्णालयांत ठेविले, तें आर्थर रोडचेंच जुनें इस्पितळ. ता. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमानें त्या कायद्यांत भर पडली ती वैद्यकीय सेवकांवर हल्ला करणारांच्या शिक्षेची. खाटांविषयींचें मौन कायमच राहिलें.

वसई-विरार महानगरपालिका ता. ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. ता. २३ एप्रिल २०२१ च्या पहांटे विरार येथील विजय वल्लभ या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली व त्याच दिवशीं तेरा रोग्यांच्या मृत्यूची नोंद झाली. खाटांची गणना म्हणजे सामर्थ्य नव्हे. पहांटे तीन वाजतां त्या खाटेजवळ कोण जागें आहे, यावर सामर्थ्य ठरतें. जाहीरनामा काढणारानें हा हिशेब लोकांपुढें आधीं मांडावा. तो न मांडतां काढलेला हुकूम ता. ६ आक्टोबरच्या हुकुमासारखाच ठरेल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८२ चें असल्यामुळें त्यांत या साथीचा मागमूस असणें शक्य नाहीं. तेव्हां साधनें घरांतूनच निघावयाचीं. वांद्र्यास प्लेगच्या काळांत उभारलेले क्रूस आजही आहेत. वसई प्रांतांतील क्रूसांवरील सनही त्याच दृष्टीनें वाचले पाहिजेत. चर्चमधील दफनाच्या नोंदी, सावकारी चोपड्या, मोडी पत्रें यांत १८९६ ते १९०० या सालांची नोंद दिसल्यास ती फाटकी म्हणून टाकूं नये. सरकारनें काय फर्माविलें, हें आपणांस कळलें आहे. लोकांनीं काय केलें, हें त्या कागदांतूनच कळेल.