मौनाचा सप्ताह

वाचक माउली, सप्ताह म्हटला की आपल्यापुढे आधी वीणा उभी राहते. ती खाली ठेवायची नाही, पहारे बदलत राहायचे, काकड्यापासून जागरापर्यंत नामाचा गजर तुटू द्यायचा नाही. आज मी तुम्हांला अशा सप्ताहाची हकिगत सांगणार आहे की ज्यात सात दिवस शेजारच्या साधकाशी एक शब्दही बोलायचा नसतो. जपानातील झेन मठांत तो पाळतात. त्याला तेथे ‘सेश्शिन’ म्हणतात. विखुरलेले मन गोळा करणे, असा त्याचा अर्थ.

नाव परके वाटले तरी मूळ आपल्याच भूमीत आहे. संस्कृतातले ‘ध्यान’ पालीत ‘झान’ झाले, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानात ‘झेन’. दक्षिण भारतातून बोधिधर्म चीनला गेले व भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे बसले, अशी तिकडची परंपरा सांगते. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे हा वर्षावासाचा नियमही इकडूनच गेला. भाज्याच्या लेण्यात कधी गेलात तर विहारातील दगडी ओटे पाहा. भिक्खूंची ती राहण्याची जागा. जपानी मठांत हाच वर्षावास ‘आंगो’ या नावाने उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पाळला जातो, आणि सेश्शिन त्याच काळात येतात.

झेनची एक मोठी शाखा जपानात नेली ती दोगेन यांनी (1200 ते 1253). लहानपणीच आईबाप गेले. आईच्या उत्तरक्रियेच्या वेळी उदबत्तीचा धूर विरताना पाहून त्यांना अनित्यता कळली, असे सांगतात. 1223 साली ते चीनला गेले. जहाज बंदरात असताना एक म्हातारा भिक्षू अळंबी विकत घ्यायला आला. तो एका मठाचा स्वयंपाकी होता. दोगेन म्हणाले, “आज इथेच राहा, बोलू.” तो म्हणाला, “उद्याचा स्वयंपाक कोण करील?” दोगेननी विचारले, “या वयात ध्यान, ग्रंथवाचन सोडून चुलीपाशी कशाला राबता?” म्हातारा हसला. साधना म्हणजे काय हे या परदेशी तरुणाला अजून कळलेले नाही, असे बोलून तो अंधार पडायच्या आत मठाकडे निघाला. त्या तरुणाने पुढे 1237 मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि 1244 मध्ये डोंगरात मठ स्थापला. तोच आजचा एइहेइजी. पंगतीला वाढणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कथेवर निरूपण नको.

सर्वांत कडक सेश्शिन डिसेंबरच्या 1 तारखेला सुरू होते आणि 8 तारखेच्या पहाटे संपते. पिंपळाखाली बसलेल्या गौतमाला पहाटेचा तारा दिसला आणि बोध झाला, त्याची ही आठवण. रिन्झाई पंथाच्या मठांत हा सगळा काळ मिळून एकच दिवस मानतात. म्हणून आडवे व्हायचे नाही, बसल्याबसल्याच काय ती डुलकी. थंडी कडाक्याची. एक उदबत्ती जळेपर्यंत बैठक, मग थोडे चालणे, पुन्हा बैठक. पेंग आली तर चपट्या काठीचा तडाखा खांद्यावर बसतो. पण मारणारा आणि मार घेणारा दोघेही एकमेकांना नमस्कार करतात. बोलणे होते ते गुरूंपुढे, एकांतात, आणि तेही साधनेपुरते. जेवणाआधी भाताची चार शिते भुकेल्या जिवांसाठी बाजूला काढतात; आपली चित्राहुतीच म्हणा ना. वाडगे गरम पाण्याने धुऊन ते पाणीही पितात.

आता उत्तररंग. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण जाणतो. त्याच परिषदेत कामाकुरातील एंगाकुजी मठाचे शाकू सोएन यांनी कार्यकारणभावावर व्याख्यान दिले. त्यांचेच शिष्य सुझुकी यांनी पुढे झेन साऱ्या जगाला सांगितले. पण 1904 मध्ये रशिया आणि जपान यांचे युद्ध पेटले तेव्हा हेच सोएन सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून गेले. टॉल्स्टॉय यांनी त्यांना लिहिले, आपण मिळून या युद्धाचा निषेध करू. सोएननी नकार दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत झेन मठांनी राज्यसत्तेची पाठराखण केली. मरणाला न भिणारे, विचार न करता आज्ञा पाळणारे मन सेनापतींना हवेच होते. सोतो पंथाने 1992 मध्ये आणि रिन्झाईच्या म्योशिनजी शाखेने 2001 मध्ये याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

माउली, हे मी त्यांना उणे दाखवण्यासाठी लिहिले नाही. आपल्या घरची चूक पन्नास वर्षांनी का होईना, जगापुढे मान्य करणारे पंथ किती आहेत? मला यातून वेगळाच धडा दिसतो. मन गोळा झाले म्हणजे बळ येते; ते बळ कोणाच्या कामी लागणार हे मात्र मौन सांगत नाही, आणि गजरही सांगत नाही. आयुष्यभर टाळमृदंगांच्या मधोमध उभे राहून मला हेच कळले आहे, की देहभान हरपणे सोपे, पण त्यानंतर भूतदया उरली पाहिजे. त्या चिनी स्वयंपाक्याला ती साधली होती. उद्या भुकेले कोण राहील याची चिंता त्याने ध्यानाच्या गप्पांपेक्षा मोठी मानली. मौनाचा असो की नामाचा, सप्ताह उठल्यावर आपण कोणासाठी घाईने परत निघतो, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

रामकृष्णहरी.