सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान हे पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाच्या उत्तर भागातील एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १९५१ साली झाली असून क्षेत्रफळ १४,७६३ चौ. किमी आहे. विल्डबीस्ट, झेब्रा व गॅझेल या तृणभक्षी प्राण्यांच्या वार्षिक स्थलांतरासाठी हे उद्यान जगप्रसिद्ध आहे. १९८१ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. मासाई भाषेतील ज्या शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थ ‘अंतहीन मैदान’ असा सांगितला जातो.

भूगोल

उद्यानाच्या आग्नेयेस न्गोरोन्गोरो संवर्धन क्षेत्र, पूर्वेस लोलिओंडो, नैर्ऋत्येस मास्वा अभयारण्य आणि उत्तरेस केनियातील मासाई मारा अभयारण्य आहे. पश्चिमेकडील चिंचोळा पट्टा व्हिक्टोरिया सरोवराच्या जवळ पोहोचतो.

दक्षिणेकडील मैदाने ज्वालामुखीच्या राखेपासून बनली आहेत. जमिनीखालच्या कठीण थरामुळे तेथे मोठे वृक्ष रुजत नाहीत. मात्र आखूड गवत कॅल्शियम व फॉस्फरसने समृद्ध असते. हा भाग न्गोरोन्गोरोच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येत असल्याने येथे पाऊस कमी पडतो. उत्तरेकडे पाऊस वाढत जातो व बाभळीच्या कुळातील वृक्षांची विरळ वने दिसू लागतात. मैदानात मधूनमधून ग्रॅनाइटच्या प्राचीन खडकांच्या टेकड्या आहेत. त्यांना कोप्ये म्हणतात.

वार्षिक स्थलांतर

सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, दोन लाख झेब्रे आणि काही लाख थॉमसन गॅझेल दरवर्षी या प्रदेशात चक्राकार प्रवास करतात. दक्षिणेत पौष्टिक गवत आहे, पण बारमाही पाणी नाही. उत्तरेत पाणी आहे, पण गवत तितके कसदार नाही. हा फरक स्थलांतराचे मुख्य कारण मानला जातो.

जानेवारी ते मार्च या काळात कळप दक्षिणेकडील मैदानांत असतात. बहुतेक विल्डबीस्ट माद्या फेब्रुवारीच्या सुमारास काही आठवड्यांतच वितात. एकाच वेळी असंख्य वासरे जन्मल्यामुळे शिकारी प्राण्यांच्या तावडीतून त्यांतील पुष्कळ वाचतात. मैदाने कोरडी पडू लागताच कळप वायव्येकडे सरकतात आणि जूनच्या सुमारास ग्रुमेटी नदीच्या परिसरात येतात. जुलै ते ऑक्टोबर दरम्यान ते मारा नदी ओलांडून केनियात जातात व नोव्हेंबरच्या पावसाबरोबर दक्षिणेकडे परततात. नदी ओलांडताना दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडून मरतात. त्यांच्या अवशेषांवर मगरी, गिधाडे व मासे पोसले जातात.

इतिहास

ब्रिटिश अंमलात १९२९ साली या प्रदेशाच्या काही भागात शिकारीस बंदी करण्यात आली. उद्यान स्थापन झाले तेव्हा त्यात न्गोरोन्गोरोचाही समावेश होता आणि मासाई पशुपालक तेथे गुरे चारत असत. १९५९ साली उद्यानाच्या सीमा बदलून न्गोरोन्गोरो वेगळे करण्यात आले आणि सेरेंगेटीतील मासाईंना तिकडे हलवण्यात आले.

याच सुमारास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड झिमेक व त्यांचे पुत्र मिखाएल यांनी विमानातून प्राण्यांची गणना केली. नव्या सीमा कळपांच्या प्रत्यक्ष मार्गांशी जुळत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. मिखाएल यांचा जानेवारी १९५९ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. या कामावर आधारित माहितीपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

बुळकांडी आणि पुनरुज्जीवन

१८९०च्या दशकात बुळकांडी या गुरांच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील पाळीव गुरे, तसेच विल्डबीस्ट व केप म्हशी मोठ्या संख्येने मेल्या. हा रोग पुढेही कित्येक दशके येथे टिकून राहिला. आसपासच्या गुरांना लस टोचल्यानंतर १९६०च्या दशकात तो वन्य प्राण्यांतूनही नाहीसा झाला. विल्डबीस्टची संख्या १९६०च्या दशकारंभी सुमारे अडीच लाख होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती सुमारे १३ लाखांवर गेली. चरणारे प्राणी वाढल्याने वाळलेले गवत कमी उरले, वणवे घटले आणि झाडांची संख्या वाढली.

प्राणिजीवन

उद्यानात सिंह, बिबटे, चित्ते, ठिपकेदार तरस, हत्ती, जिराफ, पाणघोडे आणि अल्प संख्येने काळे गेंडे आढळतात. १९९४ साली कॅनाइन डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाने येथील सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले.

पर्यटन

‘सफारी’ हा ‘प्रवास’ या अर्थाचा स्वाहिली शब्द असून मराठीतील ‘सफर’प्रमाणेच त्याचे मूळ अरबी आहे. पर्यटक मुख्यतः अरुशा शहरातून न्गोरोन्गोरोमार्गे वाहनाने किंवा लहान विमानाने येतात. मध्यभागातील सेरोनेरा येथे वर्षभर प्राणी दिसतात. नदी ओलांडणारे कळप पाहण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर, तर नवजात वासरे पाहण्यासाठी फेब्रुवारीचा काळ अनुकूल असतो.

संवर्धनापुढील प्रश्न

स्थलांतराचा मार्ग उद्यानाच्या सीमेबाहेर जात असल्याने केवळ उद्यानाचे रक्षण पुरेसे ठरत नाही. मारा नदीचा उगम केनियातील माऊ जंगलात आहे. तेथील वृक्षतोडीचा परिणाम नदीच्या प्रवाहावर होतो. उद्यानाच्या उत्तर भागातून डांबरी महामार्ग नेण्याच्या योजनेला मोठा विरोध झाला आणि २०१४ साली पूर्व आफ्रिकी न्यायालयाने त्यास मनाई केली. सीमेलगत वाढती शेती, कुंपणे, चराई व चोरटी शिकार यांमुळे प्राण्यांचा वावर आतल्या भागाकडे सरकत आहे.

दुसरीकडे, संवर्धनासाठी जमिनीवरील हक्क गमवावे लागत असल्याची मासाई समाजाची तक्रार आहे. २०२२ साली लोलिओंडोतील सुमारे १,५०० चौ. किमी क्षेत्र राखीव म्हणून आखण्यात आले, तेव्हा स्थानिक पशुपालकांनी तीव्र विरोध केला. शासनाने हा निर्णय वन्यजीव व जलस्रोतांच्या रक्षणासाठी घेतल्याचे सांगितले, तर मासाईंच्या मते ती त्यांची परंपरागत चराऊ जमीन आहे.