हुकूम कोणाचा, मान कोणाचा?

पदव्यांचा इतिहास हा शब्दांचाही इतिहास असतो. मराठीत आपण ‘हवालदार’, ‘नाईक’, ‘सुभेदार’ हे शब्द इतक्या सहजतेने वापरतो की, त्यांच्या पोटात किती मोठी पडझड दडलेली आहे याचे भान सहसा राहत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दांकडे एकवार थांबून पाहावे, असे आम्हांला वाटते. वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेला सैनिक आणि पदाने वरिष्ठ असलेला तरुण अधिकारी यांच्यातील नाते हा लष्करी शिस्तीचा सनातन प्रश्न आहे. त्याची मराठी कहाणी या शब्दांतच साठलेली आहे.

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ मागे टाकले की भोर तालुक्यातील किकवी लागते. पश्चिमेच्या अंगाला भोर आणि रोहिडा किल्ला, त्याच्या वर राजगड-तोरण्याचा मुलूख. सुरुवात याच मुलखापासून करू. शिवकालीन गडांची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. तीनुसार गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी असत, आणि तिघांचा दर्जा सारखा असे. एकट्याच्या हाती गड नाही, हे त्यामागचे धोरण. यातील हवालदार म्हणजे गडाचा प्रमुख. किल्ल्या त्याच्या ताब्यात. पायदळात दहा माणसांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी अशी उतरंड होती. मोगलांकडे तर सुभेदार म्हणजे अख्ख्या प्रांताचा अधिपती.

कंपनी सरकारने पलटणी उभारल्या तेव्हा हे सगळे शब्द उचलले. मात्र त्यांतला अधिकार बाजूला काढून ठेवला. नाईक झाला खालच्या पायरीवरचा, हवालदार त्याच्या एक पायरी वर. प्रांताचा धनी असलेला सुभेदार झाला ‘नेटिव्ह’ अधिकारी, आणि तीस वर्षे चाकरी केलेला हा सुभेदार विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्याही खालचा ठरला. गोऱ्या शिपायावर तर त्याचा हुकूम चालतच नसे. नाव जुने राहिले, हुकूम नव्याकडे गेला.

मग मानाचे काय झाले? येथे मुंबई आणि बंगाल या दोन फौजांतला फरक बोलका आहे. बंगालच्या फौजेत बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळे. सुभेदार होईपर्यंत माणूस थकून जाई. त्याच्याकडे वय असे, वचक नसे. मुंबईच्या फौजेत गुणवत्ता पाहून बढती देण्याकडे कल होता, शिवाय तेथे जातीचे सोवळे पलटणीत फारसे चालू दिले जात नसे. सिंधमधील जॉन जेकब या मुंबईच्या अधिकाऱ्याने 1857 पूर्वीच या फरकावर बोट ठेवले होते. शिपाई ज्याला मानतो असा सुभेदार असेल तर तरुण अधिकाऱ्याचा हुकूम त्याच्या तोंडून खाली पोचतो. तो नसेल तर हुकूम हवेतच राहतो. 1857 नंतर पलटणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या कमी करण्यात आली आणि कंपन्या सुभेदारांच्या हाती आल्या. त्यामुळे हा दुवा अधिकच मोलाचा झाला.

परंतु या व्यवस्थेची खरी परीक्षा पलटणीच्या बाहेर होती. पद सरकार देते. त्या पदाला मान द्यायचा की नाही, हे समाज ठरवतो. रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार आणि महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. 1901 साली त्यांची मुले वडिलांना भेटायला गोरेगावी निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून आपुलकीने चौकशी करणारा स्टेशनमास्तर जात कळताच मागे सरकला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. त्या मुलांतल्या भीमरावाने, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला. सुभेदाराच्या पदाची हद्द छावणीच्या फाटकापाशी संपते, हे त्या एका प्रवासात स्पष्ट होते.

आणि छावणीतही ती फार काळ टिकली नाही. लढाऊ जातींचा सिद्धांत रूढ झाल्यावर 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. इतर जातींचे शिपाई महार अधिकाऱ्याचा हुकूम मानणार नाहीत, हा युक्तिवाद त्यामागे होता. विचार करण्याजोगी गोष्ट आहे ही. शिस्तीचा बडेजाव मिरवणाऱ्या सत्तेने शिस्त आणि जात यांतून जातीची निवड केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हेच काम हाती घेतले. किकवीजवळच्या कापूरहोळहून जो रस्ता सासवडला जातो, त्या सासवडला त्यांनी महारांची सभा भरवली, आणि 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्यांची मागणी नोकरीची होती हे खरे, पण तेवढीच नव्हती. हुकूम देण्याचा आणि तो पाळला जाण्याचा हक्क ते मागत होते. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, बेळगावात.

दरम्यान प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. 1923 साली निवडक आठ पलटणींत भारतीय अधिकारी नेमण्याचे ठरले. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण होती. पुढे अशा पलटणींत सुभेदार-जमादारांच्या जागी प्लाटूनवर तरुण भारतीय अधिकारी नेमण्याचे धोरण आले. समतेच्या नावाने आलेल्या या धोरणात शिपायाच्या डोळ्यांपुढची सर्वांत उंच पायरीच नाहीशी होत होती. पहिला देशी अधिकारी जुन्या देशी सुभेदाराच्या मुळावर यावा, हा विरोधाभास मोठा विचित्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते धोरण मागे पडले आणि स्वतंत्र भारताच्या सेनेत सुभेदार राहिला.

आज बावीस-तेविशीचा लेफ्टनंट पन्नाशीकडे झुकलेल्या सुभेदाराला ‘सुभेदार साहेब’ म्हणतो, आणि सुभेदार त्याला सलाम करून ‘साहेब’ म्हणतो. एकच शब्द दोन्ही दिशांनी जातो, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. खालून वर जाणारा ‘साहेब’ पदाला उद्देशून असतो, वरून खाली येणारा ‘साहेब’ वर्षांना, जखमांना आणि अनुभवाला. हुकूम एकाचा, मान दोघांचा, हा तोडगा कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा भाषेने अधिक नेमका सांभाळला आहे.

तरीही त्या तोडग्याने भुलून जाऊ नये. रोहिड्याच्याच परिसरातले बाजीप्रभू देशपांडे बांदल देशमुखांच्या पदरी होते. 1660 साली घोडखिंडीत ते पडले, आणि मानाच्या पहिल्या पानाचा हक्क जेध्यांकडून बांदलांच्या घराण्याकडे गेला, असे परंपरा सांगते. दरबारी मान धन्याच्या घरी गेला; खिंडीचे नाव मात्र लोकांनी बाजींशीच जोडून ठेवले. दरबार मान ज्याला देतो आणि लोक ज्याला देतात तो माणूस दर वेळी एकच असतो असे नाही. या दोन हिशेबांतली तफावत वाचणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.