खांदेरीचा दिवा

सहलीत थळच्या किनाऱ्यावर सरांनी समुद्राकडे बोट करून "ती बघा खांदेरी" म्हटलं, तेव्हा आपल्यापैकी निम्म्यांचं लक्ष डब्याकडे होतं. माझंही. तिथल्या दिव्याकडे मी नीट पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तो मुंबईच्या तोंडावर पहारा बसवण्यासाठी. इंग्रजांनी गलबतं आणून काम बंद पाडायची खटपट केली. तट उभा राहिलाच. शेजारच्या उंदेरीवर मग सिद्दीने ठाण मांडलं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रज राजवटीतच दीपगृह उभं राहिलं, मुंबईची वाट जहाजांना बिनधोक व्हावी म्हणून!

दिवा उघडझाप करतो, असं आपण समजायचो. फिरत्या भिंगांच्या दीपगृहात दिवा सतत जळत असतो. फिरतात ती भोवतालची भिंगं. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात काचेची कडी रचून ती घडवली. चहूकडे विखुरणारा उजेड त्यांतून झोत होऊन निघतो. झोत आपल्यावर आला की लखलखाट, पुढे सरकला की अंधार. प्रत्येक दीपगृहाची लय निराळी. तीवरून खलाशी ठिकाण ओळखतो.

इंग्रज ज्यांना चाचे म्हणत, त्या कान्होजींचंच नाव आज या दीपगृहाला आहे.

सर, सहलीचा वृत्तान्त मी तेव्हा दिलाच नव्हता. तो हा.