मोदक (अक्षरमुद्रा)

मोदक : देवनागरी व रोमन या दोन लिप्यांसाठी रचलेली, अत्यंत स्थूल व गुबगुबीत अवयवांची शोभामुद्रा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या मंडळाने ती सिद्ध केली असून २०१५ च्या सुमारास ‘गूगल फॉन्ट्स’च्या संग्रहातून ती सर्वांस खुली झाली. देवनागरी भाग सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी, तर रोमन भाग नूपुर दात्ये यांनी रेखाटला. नाव अर्थात गणपतीच्या नैवेद्यावरून घेतलेले आहे.

या मुद्रेचा उगम हाताने काढलेल्या कच्च्या रेखाटनांत आहे, आणि संगणकावर संस्कार होऊनही हाताचा तो खट्याळपणा तिच्यातून सर्वस्वी गेलेला नाही. सामान्य मुद्रांत अक्षर ओळखले जाते ते काळ्या रेषेवरून. येथे मात्र रेषा इतकी फुगलेली आहे की अक्षराच्या पोटातील पांढरा अवकाश बारीक चिरेपुरताच उरतो, आणि ओळख पटविण्याचा सारा भार त्या चिरेवर पडतो. ‘प’ व ‘ष’ यांत भेद करणारी तिरपी रेघ, किंवा ‘व’ व ‘ब’ यांतील तसलीच रेघ, पोकळीच नाहीशी झाली तर राहावी कोठे? शिवाय देवनागरीत काना-मात्रा, वेलांट्या, उकार आणि उभी-आडवी जोडाक्षरे यांचा एवढा मोठा परिवार आहे की, एक सुटे अक्षर फुगविणे हा खेळ असला तरी ‘ष्ट्र’सारखे तिमजली जोडाक्षर त्याच थाटात बसविणे हे कसबाचे काम होय. प्रस्तुत मुद्रेची खरी थोरवी येथे आहे, केवळ जाडीत नव्हे.

तिचे क्षेत्र याच गुणामुळे मर्यादित आहे. बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईचे वेष्टन, उत्सवाचा फलक, नाटकाची जाहिरात अशा ठिकाणी दोन-चार शब्द मोठ्या आकारात ती झोकात मिरविते. परंतु लहान आकारात, विशेषतः शाई पसरणाऱ्या स्वस्त कागदावर, चिरा बुजून अक्षरांचे गोळे होतात. सलग मजकूर तिच्यात जुळविणे हा वाचकावर जुलूमच होय. न्यायालयाची नोटीस किंवा मृत्युलेख यांस ती वर्ज्य, हे निराळे सांगावयास नको. थोडी कमी स्थूल, पण तितकीच प्रसन्न मुद्रा हवी असल्यास याच मंडळाची ‘बालू’ अधिक उपयोगी पडते.

मुद्रा युनिकोडप्रमाणित असल्याने तिच्यातील मजकूर शोधता येतो व दुसऱ्या मुद्रेत बदलता येतो. जुन्या छापखानी फॉन्टांत ही सोय नव्हती. मोदक एकाच वजनात (जाडीत) उपलब्ध आहे. तिचा परवाना मुक्त स्वरूपाचा असून व्यापारी वापरास व फेरफारास मुभा आहे. निव्वळ मुद्राच सुटी विकण्यास मात्र मनाई आहे.