सॉनटेक एमईएस-४३२

ध्वनिमुद्रणाच्या मास्टरिंगसाठी अमेरिकेत तयार झालेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा पॅरामेट्रिक इक्वलायझर. निर्माते बर्जेस मॅकनील.

याची मुळे १९६६ सालात आहेत. तोवर इक्वलायझरमध्ये कंप्रता निवडण्यासाठी सहसा तारेची वेटोळी वापरत. ती जड आणि महाग असत, शिवाय जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर ओढून घेत. मॅकनील आणि जॉर्ज मॅसनबर्ग यांनी वेटोळी काढून टाकून प्रवर्धक, रेझिस्टर व कपॅसिटर यांवर काम भागवण्याचा मार्ग शोधला. कोणती कंप्रता धरायची, ती किती डेसिबल चढवायची वा उतरवायची आणि तिच्या आजूबाजूचा किती पट्टा सोबत घ्यायचा, या तिन्ही गोष्टी आता एकमेकींना धक्का न लावता ठरवता येऊ लागल्या. १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मॅसनबर्ग यांनी यावर निबंध वाचला. मॅकनील यांनी पुढे सॉनटेक कंपनी काढली.

जुन्या यंत्रांची थोरवी त्यांच्या आवाजातल्या ‘उबे’वरून सांगण्याची रीत आहे. सॉनटेकला ती लागू पडत नाही. त्याचे मोल नेमकेपणात आहे, आणि तो नेमकेपणा तबकडी कोरण्याच्या कामाची गरज होती. खर्ज जोरात असला की खाच जास्त हेलकावते, म्हणून खाच कोरणाऱ्या लेथला शेजारच्या फेऱ्यापासूनचे अंतर वेळीच वाढवावे लागते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, तेव्हा पुढे काय येणार हे लेथला आधी कळावे यासाठी टेपयंत्रावर एक आगाऊ वाचणारे हेड बसवत. इंजिनिअरने खर्ज वाढवला आणि या आगाऊ हेडच्या वाहिन्यांवर तेवढाच वाढवला नाही, तर खाचा एकमेकींत घुसून तबकडी वाया जाई. म्हणजे स्टिरिओसाठी चार वाहिन्यांवर दुरुस्ती तंतोतंत सारखी हवी. वर्षभराने तीच तबकडी पुन्हा कोरायची झाली, तरी तीच मापे हवीत. म्हणून मास्टरिंगच्या इक्वलायझरला अखंड फिरणाऱ्या खुंट्यांपेक्षा टप्प्याटप्प्यांचे स्विच सोयीचे. आकडा वहीत टिपला की पुरे.

मॅसनबर्ग यांनी १९८२ मध्ये जीएमएल ही स्वतःची कंपनी स्थापली. तिचा पाच पट्ट्यांचा इक्वलायझर ८२०० याच घराण्यातला. मास्टरिंगसाठीच्या ९५०० मध्ये स्विचही टप्प्यांचेच आहेत.